काकांनी झाड स्वच्छ केलं

काल संध्याकाळपर्यंत माझ्या रुगोसा गुलाबावर एक्केचाळीस फळं होती. रोज मोजायचो, त्यामुळे आकडा पाठ आहे. आज सकाळी एकही नाही. शेजारच्या काकांनी झाड 'स्वच्छ' केलंय.

"सुकलेली फुलं ठेवायची नसतात रे," काका कुंपणापलीकडून म्हणाले. हातात अजून कात्री. "झाडाची ताकद खातात. तू झोपला होतास, म्हटलं कशाला उठवा."

"काका, फुलं नव्हती ती. फळं धरली होती."

"गुलाबाला? फळं?"

"खातात ती."

"कोण?"

"माणसं! संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं त्यात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनात, तेव्हा १९४१पासून बायकापोरांनी जंगली गुलाबाची फळं वेचली. त्यांचं सिरप करून मुलांना पाजलं."

काकांनी कात्री मिटली. बराच वेळ विचार केला.

"पण ते युद्ध संपलं ना?"

"संपलं."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

घरच्यांचं म्हणणं, काकांचं काय चुकलं? खरंच, नेहमीच्या गुलाबाला हाच नियम. सुकलेलं फूल छाटलं की झाड बी धरत बसत नाही, नव्या कळ्या काढतं. पण मला बीच धरायला हवं होतं ना! त्यासाठी तर पाचच पाकळ्यांचा गुलाब लावला. ते गच्च पाकळ्यांचे, मिरवणारे गुलाब फळाच्या बाबतीत बहुधा ठणठणगोपाळ. त्यांच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. माझ्या झाडाची पानं सुरकुतलेली (रुगोसाचा अर्थच तो), काटे एवढे की फांदी दिसत नाही. पाहुणे बघून म्हणायचे, "येईल, येईल, हळूहळू चांगलं येईल." जपानी लोक या झाडाला हामानासु म्हणतात. त्यांच्या चित्रलिपीत लिहिलं की त्याचा अर्थ होतो समुद्रकाठचं वांगं. वांगं म्हणा, काही म्हणा, निदान ते त्याच्या फळाकडे बघतात तरी.

पहिलं फळ केशरी व्हायला लागलं होतं. चपटं, गुटगुटीत, छोट्या टोमॅटोसारखं, बुडाशी वाळलेल्या निदलांची (फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांची) शेंडी. चिरायचं कसं हेही ठरलं होतं. आत बियांभोवती बारीक केस असतात, ते नीट खरवडून काढावे लागतात. घशाला लागले तर खवखव, कातडीला लागले तर खाज. पोरं त्यांची खाजेची पूड करतात. आज सकाळी ती पूड हाताशी असती तर कुठे टाकली असती, ते सांगत नाही.

"बघ आता, पंधरा दिवसांत परत फुलं येतील," काका म्हणाले. येतीलही. पण त्यांची फळं लाल व्हायच्या आत थंडी येऊन ठेपेल, म्हणजे हे वर्ष गेलंच. तीन वर्षं वाढवलेलं झाड, अर्ध्या तासात भादरलं. वर न मागितलेल्या मदतीचे आभारही आपणच मानायचे. मी मानले. चक्क "थँक्यू काका" म्हणालो, तेच जास्त झोंबतंय.

दुपारी काका परत आले. आठ दिवस बाहेरगावी जायचंय म्हणाले, कुंड्यांना पाणी घालशील का? किल्ली हातात ठेवली. दोन पायऱ्या उतरले आणि वळले.

"आणि झेंडूला कात्री लावू नकोस हं. सुकलेला दिसेल, पण बी धरायचंय मला."