रोजच्या भाकरीसाठी उपकारस्तुती

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची एक सुंदर परंपरा आहे. कोणी गंभीर आजारातून बरे होते, कोणाला दीर्घ प्रतीक्षेनंतर नोकरी मिळते, कोणी अपघातातून सुखरूप वाचते, आणि ती व्यक्ती उपासनेत सर्वांसमोर उभी राहून प्रभूचे आभार मानते. अशा साक्षींनी माझाही विश्वास अनेकदा दृढ झालेला आहे. तरीही एक गोष्ट मला सतत खटकते. ज्या आठवड्यात घरात कोणी आजारी पडले नाही, कोणाचे काम गेले नाही, सगळे वेळेवर जेवले आणि वेळेवर झोपले, त्या आठवड्याविषयी साक्ष द्यायला कोणीही उभे राहत नाही. संकट आले आणि टळले तर ती देवाची कृपा. संकट आलेच नाही तर तो नेहमीचा आठवडा, अशी विभागणी आपण नकळत करून बसलो आहोत. या विभागणीला पवित्र शास्त्राचा आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्तोत्रसंहितेतील १३६ वे स्तोत्र या दृष्टीने पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहावे. त्यात २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी "कारण त्याची दया सनातन आहे" हे शब्द येतात. आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र व तारे यांच्या निर्मितीपासून स्तोत्राला सुरुवात होते. मग मिसर देशातून झालेली सुटका येते, तांबडा समुद्र दुभंगतो, अरण्यातील प्रवास होतो, सीहोन आणि ओग यांच्यासारख्या राजांचा पराभव होतो आणि इस्राएलाला वतन मिळते. इतका मोठा इतिहास सांगून झाल्यावर, समारोपाच्या अगदी आधी, २५ व्या वचनात स्तोत्रकर्ता म्हणतो की देव सर्व प्राणिमात्रांना अन्न देतो. समुद्र दुभंगणे आणि ताटात अन्न येणे या दोन्ही गोष्टी त्याने एकाच ओळीत बसवल्या आहेत, आणि दोन्हींच्या पुढे तेच शब्द लिहिले आहेत. मोठा चमत्कार आणि छोटी सोय असा भेद त्याने केलेला नाही.

हा भेद आपल्या मनात कुठून आला, याचा विचार करताना मला मान्ना आठवतो. निर्गम या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात लोकांना आकाशातून अन्न मिळते, पण ते त्या त्या दिवसापुरते गोळा करायचे असते. ज्यांनी ते सकाळपर्यंत ठेवून दिले त्यांच्या साठ्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. केवळ शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातील विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. चाळीस वर्षे हे असेच चालले. पुढे यहोशवाच्या पुस्तकात एक वचन येते, ज्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही: लोकांनी कनान देशाचे उत्पन्न खाल्ले आणि दुसऱ्याच दिवशी मान्ना पडायचा बंद झाला. देवाने देणे थांबवले का? मुळीच नाही. फक्त त्याचे देणे आता नांगर, बी, पाऊस आणि माणसाचा घाम यांच्या आड गेले. जे आकाशातून पडत होते ते देवाचे आहे हे मुलांनाही कळत होते. जे आपल्याच शेतातून येते तेही त्याचेच आहे, हे ओळखायला श्रद्धा लागते.

हा धोका परमेश्वराने आधीच ओळखला होता, हे पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायावरून दिसते. तू जेवून तृप्त होशील, चांगली घरे बांधून त्यांत राहशील, तुझी गुरेढोरे वाढतील, सोने-रुपे वाढेल, तेव्हा तुझे मन उन्मत्त होऊन तू आपल्या देवाला विसरशील आणि हे धन मी माझ्याच सामर्थ्याने मिळवले असे मनात म्हणशील, असा इशारा तिथे दिला आहे. त्याच अध्यायाच्या १० व्या वचनात देवाचा धन्यवाद करण्याची जी आज्ञा आहे ती जेवून तृप्त झाल्यानंतरची आहे. आपण बहुतेक जण जेवणाआधी प्रार्थना करतो, आणि ते योग्यच आहे. प्रभू येशूनेही पाच भाकरी हातात घेऊन आधी उपकारस्तुती केली आणि मग त्या वाटल्या. परंतु भुकेल्या माणसाला देव आठवणे सोपे असते. पोट भरल्यावर, पुढच्या कामाची घाई असताना तो आठवणे कठीण, आणि म्हणूनच त्या क्षणासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागली असावी. आमच्या घरी आता जेवण झाल्यावरही उठण्यापूर्वी क्षणभर थांबून आभार मानले जातात. यात कर्मकांड नाही. मन भरल्या पोटी अधिक लवकर विसरते, एवढेच आम्ही मान्य केले आहे.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात जवळजवळ निकामी झाला. पुढे हळूहळू त्या हातात थोडी शक्ती परतली आणि व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना स्वतःच्या सदऱ्याची बटणे लावायला सांगितले. बटण लावणे ही किती गुंतागुंतीची क्रिया आहे, हे मी त्या दिवसांत त्यांच्यासमोर बसून पाहिले. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बटण धरायचे, दुसऱ्या हाताने काजाची कड ताणून धरायची, बटण तिरके करून अर्धे पलीकडे सरकवायचे आणि मग चिमटीतून सोडून पलीकडच्या बाजूने ओढून घ्यायचे. बाबांची बोटे मधल्याच पायरीवर थरथरत आणि बटण निसटून जाई. ज्या सकाळी पहिले बटण काजातून पूर्ण पलीकडे गेले, त्या सकाळी ते मोठ्याने म्हणाले, "प्रभू, तुझे आभार." त्यानंतर त्यांनी ती सवय कधी सोडली नाही, सदरा घालताना त्यांचे ओठ हलताना दिसत. आजारपणापूर्वी ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर, न पाहता, बोलता बोलता बटणे लावली, तो हातही देवानेच चालवला होता, असे ते आवर्जून सांगत. स्तोत्रसंहितेच्या १३९ व्या स्तोत्रात माणसाच्या अद्भुत घडणीबद्दल जी उपकारस्तुती आहे, तिचा अर्थ मला कोणत्याही प्रवचनापेक्षा बाबांच्या त्या बोटांकडे पाहून अधिक उमगला.

येथे एका गोष्टीबद्दल मला ठामपणे बोलायचे आहे. आभार मानण्याची एक चुकीची रीत आपल्यात रूढ होत चालली आहे. "आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत कितीतरी लोक आहेत, त्यांच्याकडे पाहा आणि देवाचे आभार माना," असे आपण मुलांना सहज सांगून जातो. हेतू चांगला असतो, हे मी जाणते. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात मंदिरात उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोरपणे पाळणारा माणूस, नेमके हेच करतो. "हे देवा, इतर माणसांसारखा मी नाही म्हणून मी तुझे आभार मानतो," ही प्रार्थना रचनेने उपकारस्तुतीच आहे, आणि तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच, ऊर बडवून घेणारा जकातदार. दुसऱ्याच्या दुःखावर उभी राहिलेली कृतज्ञता देवापर्यंत पोहोचत नाही. शिवाय आपल्याला मिळालेले सुख हे आपल्या चांगुलपणाचे बक्षीस आहे, असा समजही त्यातून नकळत बळावतो. प्रभूने तर डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की पिता वाइटांवर आणि चांगल्यांवर सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. आभार मानताना आपली नजर शेजाऱ्याच्या ताटाकडे नको, देणाऱ्याकडे हवी.

दुःखात असलेल्या माणसाला उपकारस्तुतीचा उपदेश करणे हा याहूनही नाजूक विषय आहे. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना पत्रात "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" असे लिहितो, आणि हे वचन शोक करणाऱ्यांना फार घाईने ऐकवले जाते. त्यात स्थितीमध्ये राहून आभार मानायला सांगितले आहे. प्रत्येक आघाताला चांगले म्हणायला सांगितलेले नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू आधी रडला आणि मग त्याने वर पाहून पित्याचे आभार मानले. रडणे आणि आभार मानणे यांची एकाच कबरेजवळ जागा आहे. हबक्कूक संदेष्टाही अंजिराला फुले नाहीत, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, अशी सगळी टंचाई एकेक करून मोजतो आणि त्यानंतरच परमेश्वराच्या ठायी उल्हास करण्याचे बोलतो; त्याने काहीही झाकून ठेवलेले नाही.

या संदर्भात मार्टिन रिंकार्ट या जर्मन पाळकाची मला नेहमी आठवण होते. तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात तो सॅक्सनीतील आयलेनबुर्ग या शहरात सेवा करत होता. तटबंदीच्या आत निर्वासितांची गर्दी झाली आणि १६३७ मध्ये तिथे प्लेगची भयंकर साथ पसरली. त्या वर्षी त्याने सुमारे ४,००० लोकांचे अंत्यविधी केल्याचे सांगितले जाते, आणि मृतांमध्ये त्याची पत्नीही होती. याच माणसाने लिहिलेले उपकारस्तुतीचे गीत आजही जगभरातील मंडळ्यांमध्ये गायले जाते, आणि ते मुळात जेवणाच्या वेळी म्हणायची छोटी प्रार्थना होते. ज्याला रोज ताटावर बसून आभार मानायची सवय होती, त्याच्याजवळ स्मशानातही प्रार्थनेचे शब्द उरले, असे मला वाटते.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण नेहमी नऊ जणांना दोष देण्यासाठी सांगतो. खरे तर त्या नऊ जणांनी आज्ञाभंग केला नव्हता. याजकांना जाऊन दाखवा असे प्रभूने सांगितले आणि ते निघाले. वाटेतच ते शुद्ध झाले. त्यांनी सांगितलेले काम केले, बहुधा आपापल्या घरी गेले आणि नेहमीच्या आयुष्याला लागले. आभार मानायला परत फिरला तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत अशांपैकी. धर्माचे सगळे नियम पाळणाऱ्या, उपासना न चुकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसांनी या गोष्टीतील नऊ जणांना थोडे अधिक जवळून पाहायला हवे.

शेवटी, आभार मानण्याचे शास्त्रातील रूप कधीच केवळ तोंडी नव्हते. लेवीय ७ मध्ये उपकारस्तुतीच्या यज्ञाचा नियम आहे: त्याचे मांस त्याच दिवशी खावे, सकाळपर्यंत त्यातले काहीही ठेवू नये. नवसाच्या किंवा स्वखुशीच्या यज्ञाचे मांस दुसऱ्या दिवशीही चालत असे. उपकारस्तुतीचे मात्र चालत नसे. याजकाचा वाटा दिल्यानंतरही उरलेला पशू एका दिवसात संपवायचा, तर एकट्या कुटुंबाला ते जमणारे नव्हते. माणसे बोलवावीच लागत, आणि बोलावलेल्यांना कारण सांगावेच लागत असणार. पौलानेही करिंथकरांना यरुशलेमेतील पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करायला सांगताना हेच लिहिले, की या सेवेने गरजा तर भागतातच, पण देवाची पुष्कळ उपकारस्तुतीही होते.

म्हणून पाळकांना आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. साक्षीच्या वेळेत ज्यांच्या आयुष्यात या आठवड्यात काहीही विशेष घडले नाही, त्यांनाही आवर्जून उभे करा. त्यांना नेमके नाव घेऊन सांगू द्या: झोप लागली, डोळ्यांना वाचता आले, भांडण झाले पण रात्री मिटले, भाकर मिळाली. आणि त्याच दिवशी, उपासना संपल्यावर, त्यांच्यापैकी प्रत्येकाने ज्याच्या घरी भाकर पुरत नाही अशा एकाला तरी आपल्या ताटावर बोलवावे.