नळी कुठंय?

सोलापुरात माणसानं मटण सोडलं की त्याला एकच प्रश्न विचारतात, "माळ घातली का?" पंढरपूर हाकेच्या अंतरावर असल्यामुळं या प्रश्नात कुचेष्टा नसते. माळकऱ्याला आमच्याकडं मान आहे. त्याच्यासाठी भाजीचं पातेलं आधी उतरवून ठेवतात, त्याला डाव वेगळा देतात आणि त्याच्यावर हसायचं झालं तर तो उठून गेल्यावर हसतात. त्यामुळं आमच्या लेकीनं पुण्याहून फोन करून "पप्पा, मी मटण सोडलं" असं सांगितलं, तेव्हा मी शांत होतो. मग ती म्हणाली, "आणि दूधपण."

माळ घालून दूध सोडलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

याला व्हीगन म्हणतात. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थानं 1944 साली मूठभर मंडळी जमवून याची संस्था काढली, असं तिनं सांगितलं. 1944 म्हणजे महायुद्ध चालू, तिकडं लोणी रेशनवर मोजून मिळायचं. जे मिळतच नाही ते सोडून द्यायला काय जातंय, असं मी म्हणालो. तिला ते आवडलं नाही. मग तिनं यादी वाचली. मांस, मासे, अंडी गेली; दूध, दही, ताक, तूप गेलं; मध गेला. रेशीम, लोकर, चामडं गेलं. तिच्या आईनं तिच्या लग्नासाठी जपून ठेवलेली रेशमी साडी बाद झाली, माझी कोल्हापुरी चप्पल दाराबाहेर असूनही बाद झाली. घरातली सोलापुरी चादर तेवढी पास, कारण ती सुती.

जानेवारीत ती गड्ड्याला आली. सिद्धेश्वरांची यात्रा म्हणजे आमच्याकडं घर भरलेलं असतं. अक्षता सोहळ्याला सातही नंदीध्वज डोळे भरून पाहायचे म्हणून बार्शीकडचा चुलतभाऊ येतो, मामा येतात, आणि आल्यावर जात नाहीत. पहिल्या दिवशी पूजेचं पंचामृत समोर आलं. पाचातली चार अमृतं तिनं नाकारली. राहिली साखर. तर हिनं विचारलं, "साखर कशी करतात?" कारण परदेशात काही ठिकाणी साखर पांढरी करायला जनावराच्या हाडांचा कोळसा वापरतात. हे वाक्य सोलापूर जिल्ह्यात मोठ्यानं बोलायचं नसतं. इथं दर दोन घरांआड कुणीतरी साखर कारखान्याचा सभासद, नाहीतर निवृत्त कर्मचारी असतो. आमच्या समोरचे काका तर कारखान्याच्या लॅबमधूनच निवृत्त झालेले. ते उठून उभे राहिले आणि चुना, गंधक, रसाचं शुद्धीकरण असं सगळं साग्रसंगीत सांगून, आपल्या साखरेला हाड लागत नाही याची त्यांनी जाहीर ग्वाही दिली. तिनं चिमूटभर साखर खाल्ली. काका अजून तिची आठवण काढतात.

खरी अडचण मटणाची नव्हतीच. ती चहाची. या शहरात तुम्ही कुणाकडं जेवला नाहीत तर चालतं, चहा घेतला नाहीत तर तो राग पुढच्या पिढीला जातो. ती "मला कोरा चालेल" म्हणायची आणि यजमानीण कावरीबावरी व्हायची. "अगं, दूध आहे की घरात! आत्ताच म्हशीचं आलंय." मग ते पातेलं पुराव्यादाखल बाहेर आणून दाखवायची. पाहुण्यांपुढं कोरा चहा ठेवला म्हणजे आपल्या घरी दुधाचा दुष्काळ पडला, असं गल्लीला वाटेल ही तिची भीती. एका घरी तर "थोडंसंच घातलंय गं, रंगापुरतं" म्हणून कप पुढं केला. अंड्याबद्दल असं कुणी म्हणत नाही. दुधाबद्दल मात्र, आपण जे देतोय ते प्राण्याचं आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. दूध पिशवीतून येतं.

जेवणाचं म्हणाल तर कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, हुरडा, भोगीची लेकुरवाळी भाजी, तिळाची बाजरीची भाकरी, तीळगूळ, हे सगळं जसंच्या तसं तिला चाललं. लोण्याचा गोळा तेवढा बाजूला केला. दोन दिवस ती आमच्यापेक्षा जास्त जेवली. हे असंच चाललं असतं तर हा लेख झाला नसता. पण तिनं पुण्याहून बर्फाच्या पिशवीत गुंडाळून एक पाकीट आणलं होतं. खोटं मटण.

"तुम्हाला चवीसाठी लागतं ना? मग हे घ्या," असं तिचं म्हणणं. करीच्या दिवशी आमच्याकडं मटण असतं, त्या दिवशी हे करायचं ठरलं. पण कशात? आमच्या कढईत आजवर शिजलेली बोकडं आठवून तिनं नकार दिला. मग मी शेजारच्या आजींकडं कढई मागायला गेलो. आजी लिंगायत, अंड्याचं टरफल दारात दिसलं तरी पाणी टाकणाऱ्या. आमच्याकडं मटण असलं की त्यांची खिडकी बंद होते. गल्लीला आमचा बेत त्या खिडकीवरूनच कळतो. मी पाकीट दाखवलं. हिरवा ठिपका दाखवला. 2022 च्या नियमांनी व्हीगन खाण्याला सरकारनं वेगळं हिरवं चिन्ह दिलंय, तेही दाखवलं. आजींनी पाकिटावरचा रस्सा नि तुकडे असलेला फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ठिपका दिसायला चष्मा लागतोय बघ. मटण बिनचष्म्याचं दिसायलंय."

खाणाऱ्यांच्या घरात त्याला कढई नाही, न खाणाऱ्यांच्या घरातही नाही. शेवटी नवीन कढई आणली. ती आता 'ताईची कढई' म्हणून टांगलेली आहे.

पाकीट फोडल्यावर आत तपकिरी, ओबडधोबड तुकडे. बोटानं ओढले तर धागे सुटतात, तेही थेट मटणासारखे आडवे. वास मात्र भिजत घातलेल्या सोयाबीनचा. बार्शीच्या भावानं एक तुकडा हुंगला, पाकीट उलटं केलं आणि घटक वाचले. पहिलंच नाव सोयाबीनचं. लेकीनं कृती समजावून सांगितली. सोयाबीनमधून तेल काढायचं, उरलेलं पीठ यंत्रात उष्णतेनं आणि दाबानं छोट्या तोंडातून ढकलायचं, की त्याचे धागे होतात.

"म्हणजे पेंड," भाऊ म्हणाला. "आम्ही म्हशीला घालतो. म्हैस दूध देते. तुला दूध नको, म्हणून तू मधली म्हैसच काढलीस की!"

लेक म्हणाली, "काका, मुद्दा तोच आहे."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो किमतीकडं वळला आणि मला कॅल्क्युलेटर आणायला लावला. मी यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो, पण असा हिशेब केला नव्हता. सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, म्हणजे किलोला पन्नासच्या आत. आणि अडतीवर तेवढाही मिळेना. पाकिटावर छापलेला आकडा पाहून तो बराच वेळ बोलला नाही. त्यातून लेकीनं भर घातली की अमेरिकेत इम्पॉसिबल फूड्स नावाची कंपनी बर्गर रक्तासारखा लाल दिसावा म्हणून सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींत असतं ते प्रथिन यीस्टकडून बनवून घेते. यावर मात्र भाऊ सरसावला. "गाठी ना? फोडल्या की आत लालसर असतात. आम्ही रोप उपटून बघतो, पीक चांगलं हाय का ते." बार्शीचा शेतकरी आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ एकाच गाठीपाशी येऊन थांबले, आणि त्यातल्या एकानंच पेटंटचं बघितलं.

मामांचा विरोध तत्त्वाचा होता. लातूरच्या रितेश देशमुखांनी 2021 मध्ये असल्याच मटणाची कंपनी काढली हे ऐकून ते थोडे नरमले. "लातूरचं म्हणल्यावर सोयाबीनच असणार," म्हणाले. पण ताट पुढं आल्यावर त्यांनी काळ्या तिखटाच्या रश्श्यात पळी फिरवली, एकदा, दोनदा, तळापर्यंत, आणि विचारलं,

"नळी कुठंय?"

"मामाआजोबा, याला हाड नसतं."

"हाड नाही तर जेवण संपलं हे कळायचं कसं बे?"

प्रश्नात दम होता. मामांच्या ताटाशेजारी हाडांचा ढीग झाला की जेवण झालं, असा आमच्या घराचा नियम आहे. त्यांनी रस्सा तीनदा घेतला, भाकरी कुस्करून ओरपला आणि तुकडे सगळे ताटाच्या कडेला लावून ठेवले. हाडांच्या जागी. निकाल असा: "रस्सा एक नंबर. पुढच्या वेळी तुकडे घालू नका."

मला स्वतःला ते तुकडे वाईट लागले नाहीत. काळं तिखट घातलं की आमच्याकडं चपलेचीही भाजी होईल. मला गंमत वाटत होती ती इतरांच्या सात्त्विक संतापाची. "खोटं कशाला खायचं?" असं जो तो म्हणत होता. म्हणणाऱ्यांत बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट करणाऱ्या आजी होत्या, ज्यांच्या कढईला अंडं माहीत नाही. एकादशीला भगरीचा भात, उपवासाची इडली आणि उपवासाचाच डोसा खाणारी आमची ही होती. देवीपुढं बोकडाऐवजी कोहळा कापतात, तो देवी मान्य करते. मामा करत नाहीत.

जेवणं झाल्यावर भाऊ जुन्या गोष्टींत रमला. त्याच्या लहानपणी रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरायची. मग त्या रेडकाचंच कातडं वाळवून, आत पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करायचे. म्हैस ते चाटायची. चाटता चाटता आचळ भरून यायचं. "डोळ्याच्या जागी दोन भोकं असायची बघ," तो म्हणाला, "तरी ती चाटायचीच."

"म्हणजे म्हशीला खोटं चालतं," लेक म्हणाली.

कुणी काही बोललं नाही. भावालाच राहवेना, तो समजूत घालायला म्हणाला, "आता नाही गं ते तसलं. आता इंजेक्शन देतात." त्यामुळं फारच झालं. आमच्या हिनं दह्याचं भांडं उचलून आत नेलं. मी आत जाऊन खाल्लं.

लेक पुण्याला गेली, जाताना शेंगाचटणीचे डबे घेऊन. फ्रीजमध्ये अर्धं पाकीट राहिलं. आता श्रावण तोंडावर आलाय आणि परवा मामांचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, पावसाचं झालं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते पोरीचं मटण हाय का रे अजून?"

"आहे की. का?"

"श्रावणात चालतंय का ते? महिनाभर नुसती भाजी म्हणजे..."

मी शहाण्यासारखा निर्णय आजींवर सोपवला. त्या या असल्या बाबतीत आमच्या गल्लीच्या सुप्रीम कोर्ट आहेत. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि निकाल दिला, तो मी मामांना शब्दशः कळवला: खायला हरकत नाही, पण खाताना मटण समजून खायचं नाही.

"मग कशाला खायचं बे!" म्हणाले आणि फोन ठेवला.