प्रागच्या जुन्या ज्यू दफनभूमीतले बारा थर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. या दफनभूमीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि थोडी तिखट आहे, म्हणून उत्तरही लांबलं आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: बारा थर म्हणजे जुन्या मृतांवर नवे रचले, मग वसई-गोव्यात ख्रिस्ती लोक कबर उघडून पुन्हा वापरतात त्यापेक्षा यात वेगळं काय? बारा थर खरे असतील तर थडग्यांचे दगड बारा हजारच कसे? मृताला थेट मातीत देतात म्हणता, तर फोटोत दगडी पेट्या का? 'तहारा', म्हणजे मृताला शुद्ध करायचा ज्यू विधी, ही आपली शेवटची आंघोळच की. आणि सर्वांत जुना म्हणून दाखवलेला दगड मूळचा नाही.

शेवटचं आधी उरकतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. धर्मगुरू आणि कवी अविग्दोर कारा यांचा 1439 चा दगड या दफनभूमीतला सर्वांत जुना, पण आज तिथे उभी आहे ती प्रतिकृती. मूळ दगड मायझेल सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) ठेवला आहे. फोटोखाली तसं लिहायला हवं होतं.

आता थर. वसईत किंवा गोव्यात साधी कबर काही वर्षांनी उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात आणि त्याच खड्ड्यात पुढचं दफन होतं. प्रागमध्येही टंचाई जागेचीच होती, पण तोडगा नेमका उलटा निघाला. ज्यू धर्मशास्त्रात कबर ही मृताची कायमची जागा. हाडं हलवायची नाहीत, अगदी मोजके अपवाद सोडले तर. घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना नेमून दिलेल्या वस्तीतल्या, मंडळींनी लगतचे तुकडे मिळाले तेव्हा विकत घेतले, तेही पुरेनात. आडवं पसरता येईना म्हणून जमीन उभी वाढवली. हाडं होती तिथेच राहिली आणि जमीन वर आली.

यालाही शास्त्रात मोजमाप आहे. एका शवपेटीवर दुसरी ठेवायची तर मधे किमान सहा तेफाख माती हवी. तेफाख म्हणजे मुठीची रुंदी, वेगवेगळ्या मतांनुसार 8 ते साडेनऊ सेंटिमीटर. सहा मुठी म्हणजे अर्धा मीटर, किंवा त्याहून थोडं जास्त. आता काम कसं चालत असेल ते डोळ्यांसमोर आणा. एका पट्ट्यात जागा संपली की तिथले दगड उपटून बाजूला ठेवायचे. बाहेरून माती आणून टाकायची. नवा खड्डा त्या नव्या मातीतच खणायचा, खालच्या पेटीपर्यंत फावडं पोचता कामा नये. मग बाजूला ठेवलेले दगड नव्या पृष्ठभागावर पुन्हा रोवायचे, नव्या दगडाच्या शेजारी. म्हणून एकाच झुबक्यात पिढ्यांचं अंतर असलेले दगड खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. मुंबईच्या जुन्या इमारतीत सगळ्या मजल्यांच्या नावांच्या पाट्या तळमजल्याच्या दारातच लावलेल्या असतात ना, तसं. इथे फक्त पाट्या गच्चीवर आहेत आणि बिऱ्हाडं खाली.

बारा थर सगळीकडे नाहीत, काही भागांतच आहेत. तरी दफनभूमी आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा बरीच उंच आहे आणि तिला भिंतींनी धरून ठेवलंय, हे बाहेरून चालत जाणाऱ्यालाही जाणवतं.

बारा हजार हा आज वर दिसणाऱ्या दगडांचा आकडा. पुरलेल्या माणसांचा नव्हे, त्यांची संख्या कितीतरी जास्त. दगड परवडणं हीच मोठी गोष्ट होती. लाकडी फळी लावली तर ती कुजून जायची. आणि भर घालताना प्रत्येक दगड वर आलाच असं नाही, अनेक अजून मातीतच आहेत. दगडांना थरांनी गुणून किंवा भागून काहीच हाती लागणार नाही.

तुम्ही न विचारलेला, पण पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येणारा प्रश्न: दगड इतके कलंडलेले का? दुर्लक्ष हे त्याचं अर्धंच उत्तर. पेटी असेल तर ती साध्या फळ्यांची, लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांची, आणि शरीराला माती लागावी म्हणून तळाला भोकं पाडलेली. अशी पेटी कुजायचीच, तोच हेतू असतो. पेटी बसली की वरची माती दबते. एकेरी दफनभूमीत हा खळगा एकदाच पडतो. म्हणूनच युरोपीय ज्यूंमध्ये दगड साधारण वर्षभराने लावण्याची रीत व्यवहारातही शहाणपणाची ठरते, तोवर माती बसलेली असते. प्रागमध्ये मात्र प्रत्येक थर आपापल्या वेळी दबणार, आणि सगळ्यात वरचा दगड त्या सगळ्यांचा हिशोब चुकवणार. त्यात झाडांची मुळं, वालुकाश्मात मुरून हिवाळ्यात गोठणारं पाणी. कलंडलेला दगड सरळ करायला पाया खणावा लागतो, आणि पाया खणला तर कुणाच्या तरी हाडांना धक्का लागण्याची भीती. म्हणून बरेच दगड एकमेकांना टेकून तसेच राहू देणं हीच त्यातली बरी दुरुस्ती.

दगडी पेट्यांबद्दल. तुम्ही म्हणता ती थडगी सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतात: ज्यू वस्तीचे पुढारी मोर्देखाई मायझेल (1601), धर्मगुरू रब्बी लोव (1609), सिंहांचं सुंदर काम असलेलं हेंडल बास्सेवी यांचं (1628). ती आतून पोकळ आहेत. उभ्या शिळा आणि वर उतरतं छप्पर, शव त्यांच्या खाली मातीतच. घराचा आकार हा मान आहे, शव ठेवायची जागा नव्हे. लेखात हे एका वाक्यात सांगायला हवं होतं.

'आंघोळच की' याला मात्र ठाम नाही म्हणावं लागेल. आंघोळ आधीच झालेली असते: कोमट पाण्याने अंग धुणं, नखं साफ करणं, अंगठ्या उतरवणं. पुरुषाला पुरुष आणि बाईला बायकाच. अंगावर चादर असते, धुवायचा तेवढाच भाग उघडा करतात, आणि शव कधीही पालथं घालत नाहीत. तहारा त्यानंतरचा. नऊ कव (जुनं ज्यू माप) पाणी, व्यवहारात 22-23 लिटर, डोक्यापासून अखंड धारेने. भांडी तीनपर्यंत चालतात, पण पहिलं रिकामं व्हायच्या आत दुसऱ्याची धार सुरू झालीच पाहिजे. चूक होते ती इथेच. दुसरं भांडं धरणारा क्षणभर थांबला आणि धार तुटली, की पुन्हा पहिल्यापासून. अपघातात रक्तबंबाळ होऊन गेलेल्याला मात्र अनेकदा धूतच नाहीत. मरताना सांडलेलं रक्तही पुरायचं असतं, म्हणून कपड्यांसकट.

मग कफन: टोपी, सदरा, पावलाशी बंद असलेली विजार, वरचा अंगरखा, कमरपट्टा, चादर. सगळं पांढरं आणि साधं. खिसा नाही, दोऱ्याला गाठ नाही. पट्टाही गाठ न मारता पीळ देऊन अडकवतात. पुरुषाला त्याची प्रार्थनेची शाल, तिचा एक गोंडा कापून. डोळ्यांवर खापराचे तुकडे. माती लोटताना फावडं हातातून हातात द्यायचं नाही, मातीत रोवून ठेवायचं, पुढच्याने तिथून उचलायचं. हे सगळं करणारी हेवरा कदीशा ही मंडळी प्रागमध्ये 1564 पासून होती. तिने 1772 च्या सुमारास या कामांची चित्रमालिका काढून घेतली. कफन शिवण्यापासून बाहेर पडताना हात धुण्यापर्यंत सगळं तिच्यात आहे. मंडळींची वार्षिक मेजवानीसुद्धा.

'हाडं हलवत नाहीत' हा नियम तिथे एकदाही मोडला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. 1903 मध्ये शहराच्या नव्या रस्त्यासाठी एक तुकडा गेला. तिथले अवशेष क्लाउझन सिनेगॉगजवळच्या नेफेले टेकाडात हलवले गेले, जिथे पूर्वी वर्षाच्या आतली बाळं पुरत. दफनं मात्र त्याआधीच, 1787 मध्ये थांबली होती. सम्राट दुसऱ्या योसेफने शहराच्या हद्दीत दफनाला बंदी घातली, आणि पुढची शंभर वर्षं प्रागच्या ज्यूंची दफनं झिझकोव्ह भागातल्या दफनभूमीत होऊ लागली. ती जागा मूळची 1680 च्या प्लेगमधल्या मृतांसाठीची.

थरांसाठी तुम्ही दिलेला अलिबागजवळच्या नवगावचा दाखला चांगला आहे, पण तो तुमच्याविरुद्धच जातो. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या परंपरेत, जहाज फुटून बुडालेल्या आणि किनाऱ्याला लागलेल्या माणसांची तिथली दोन टेकाडं, एक पुरुषांचं आणि एक बायकांचं, ही थरांची गोष्ट नाही. किनाऱ्यावर जागा होती, कुणावर कुणाला ठेवायची वेळच आली नाही.

लेखातलं 'एकावर एक रचले' हे वाक्य काढून 'मातीची भर घालून' असं केलं आहे, आणि कारांच्या फोटोखाली 'प्रतिकृती' हा शब्द घातला आहे.