वीस दिवसांचा घोटा : एका डॉक्टर वाचकाला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

अलाबामा विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या टुआ टागोवायलोआच्या घोट्यावरचा माझा लेख (शस्त्रक्रियेत दोरीने बांधलेल्या घोट्यावर त्याला दोनदा फार लवकर मैदानात उतरवलं, असं म्हणणारा) तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मग यथेच्छ सोललात, दोन्हीबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घोट्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. नंतर निखळला तो खुबा, आणि त्याचा घोट्याशी संबंध मी ओढूनताणून लावला. मुलगा स्वतःच खेळायला उतावीळ होता. आणि एवढं होऊनही तो ३ कोटी डॉलरचा करार करून मोकळा झाला, मग रडगाणं कशाचं? वर शेवटचा टोला : "इंजिनियरांनी पुलांवर लिहावं, घोट्यांवर नाही."

पूल मी आयुष्यात बांधला नाही. इथे अलाबामात, हंट्सविलला, माझं पोट चालतं ते बोल्ट आणि ताण दिलेल्या तारांवर. दोन वस्तू एकमेकींना किती घट्ट आणि किती काळ धरून राहतील, एवढाच माझ्या नोकरीचा विषय. त्यामुळे या शस्त्रक्रियेकडे मी पहिल्यांदा वळलो तो धंद्याच्या सवयीनेच.

आधी माझी चूक. "घोट्याच्या घाईने खुबा घालवला" असं वाक्य मी लिहिलं होतं. ते टिकत नाही. खुबा निखळला त्या स्टार्कव्हिलच्या सामन्यात दोन खेळाडू त्याच्या अंगावर आले आणि तो ज्या पद्धतीने जमिनीवर आदळला, तसा ठणठणीत घोट्याचा माणूस आदळला असता तरी खुबा निखळू शकला असता. दुखऱ्या पायामुळे त्याला निसटायला अर्धा क्षण उशीर झाला का, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, मला तर नाहीच. वाक्यावर काट मारली आहे. पुसून टाकलेलं नाही, काट दिसेल अशीच ठेवली आहे.

पण तेवढं वाक्य काढलं म्हणून लेख कोसळत नाही. माझा आक्षेप खुब्यावर नव्हताच, दिवसांच्या हिशेबावर होता.

तारखा पुन्हा मांडतो. १ डिसेंबर २०१८ ला जॉर्जियाविरुद्ध टुआचा डावा घोटा वरच्या बाजूने दुखावला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, आणि २९ डिसेंबरला ऑरेंज बोल, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाचा उपांत्य सामना. २७ दिवस. त्यात त्याने २७ पैकी २४ पास पोचवले आणि अलाबामाने ओक्लाहोमाला ४५-३४ हरवलं. पुढच्या वर्षी, १९ ऑक्टोबर २०१९ ला, टेनेसीविरुद्ध उजवा घोटा. परत दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया. आणि ९ नोव्हेंबरला एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीविरुद्ध मैदानात. २० दिवस. मधे बुडाला फक्त आर्कान्सासचा सामना, कारण त्यानंतरचा शनिवार संघाला मोकळाच होता.

दोन्ही वेळा पाय बरा व्हायला लागणारा काळ बरोबर मोठ्या सामन्याच्या दिवशी संपला. हाडांना हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटला वेळापत्रक पाठ असतं का, डॉक्टर?

आता ती दोरी. तुम्हाला हे शिकवायला मी वेडा नाही, पण इथे येणाऱ्यांत बरेच जण घोटा मुरगळला की आंबेहळद उगाळणारे आहेत, त्यांच्यासाठी. आपला नेहमीचा मुरगळलेला घोटा म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या टेंगळाखालचे लिगामेंट ताणले जातात. ही दुखापत त्याच्या वर. नडगीचं जाड हाड आणि शेजारचं बारीक हाड खाली एकत्र येऊन एक खाच तयार करतात आणि पायाचं टॅलस नावाचं हाड त्या खाचेत बसतं. ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं, म्हणून पाऊल वर उचललं की ते पाचरीसारखं खाचेत घुसतं आणि दोन हाडांना फाकवू पाहतं. फाकू न देणारे जे पट्टे वर असतात, ते टुआचे फाटले होते. पाऊल रोवलेलं आणि त्यावर कोणीतरी शंभर किलोचा पडला, पाऊल बाहेर वळलं, की हेच होतं.

पूर्वी दोन्ही हाडांतून स्क्रू घालत. घट्ट काम, पण जिथे निसर्गाने थोडी हालचाल ठेवली आहे तिथे वेल्डिंग केल्यासारखं. कित्येक आठवडे पाय टेकायचा नाही, आणि स्क्रू पुढे काढावा लागे किंवा आतच मोडे. दोरीच्या पद्धतीत दोन्ही हाडांतून एक बारीक भोक पाडतात, त्यातून पॉलिथिलीनचा चिवट धागा नेतात, दोन टोकांना धातूची इवलीशी बटणं लावतात आणि आवळतात. तंबूची ताणदोरीच म्हणा. हाडं फाकत नाहीत आणि केसभर हलूही शकतात. इंजिनियर म्हणून मला ही कल्पना फार आवडते. लेखात मी तिची टिंगल केली असं तुम्हाला वाटलं, ते वाक्य परत वाचा. टिंगल तिच्या वापराची होती.

कारण दोरी पहिल्या दिवशी सगळ्यात मजबूत असते आणि लिगामेंट सगळ्यात दुबळा. पुढे प्रत्येक पावलागणिक दोरी थोडी थोडी थकते आणि लिगामेंट हळूहळू भरून येतो. तो पक्का व्हायला कित्येक महिने लागतात. विसाव्या दिवशी तिथे जे असतं ते नुकतंच अंथरलेलं, अस्ताव्यस्त धाग्यांचं जाळं. म्हणजे एलएसयूविरुद्ध टुआ जवळजवळ पूर्णपणे दोरीवर खेळला. त्यात तो डावखुरा, चेंडू फेकताना उजवा पाय पुढे टाकून त्यावर अख्खं शरीर फिरवणारा. शस्त्रक्रिया झालेला पाय तोच.

आणि खाच फाकली तर किती बिघडतं? रॅम्से आणि हॅमिल्टन यांचा १९७६ चा प्रयोग तुम्ही शिकताना वाचलाच असेल. मृतदेहांच्या पायांत टॅलस १ मिलिमीटर बाहेर सरकवलं आणि सांध्यातला हाडाला हाड टेकण्याचा भाग ४२ टक्क्यांनी घटला. एक मिलिमीटर! माझ्या कामात एवढ्या चुकीला आम्ही चहा घेता घेता माफ करतो.

म्हणून "शस्त्रक्रिया यशस्वी झाली" हे तुमचं वाक्य मला मान्य आहे आणि अपुरंही वाटतं. हाडं जागेवर बसवणं हे यश. ती जागा पक्की होईपर्यंत थांबणं हे त्या शस्त्रक्रियेत धरलेलंच नव्हतं. अलाबामात ही पद्धत तोवर सरावाची झाली होती. टुआच्या आधीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जेलन हर्ट्‌स, त्याच्याही घोट्याला २०१८ च्या ऑक्टोबरात हीच दोरी लागली, आणि १ डिसेंबरला टुआ लंगडत बाहेर आला तेव्हा आत जाऊन सामना जिंकून देणारा हर्ट्‌सच होता. एकदा असं जमलं की पुढच्या वेळी "किती दिवस लागतील?" हा प्रश्न मागे पडतो आणि "मागच्या वेळी किती लागले होते?" हा पुढे येतो. २७ चे २० होतात.

एलएसयूचा सामना मी शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पाहिला. तिथे गॅरेजचं दार उघडं टाकून, बाहेर मांस भाजत ठेवून सामना पाहायची रीत आहे. मी आपला चिप्सच्या बाजूला. पहिल्याच चढाईत टुआ चेंडू घेऊन गोलरेषेकडे पळाला आणि कोणाचा हात लागायच्या आधीच चेंडू हातातून सुटला. गॅरेज गप्प झालं. अर्ध्या वेळेला ३३-१३ अशी पिछाडी. मग पोरगं लंगडत लंगडत पास फेकत राहिलं, ४१८ यार्ड आणि ४ टचडाउन, आणि तरी ४६-४१ असं हरले. शेजाऱ्याच्या वडिलांनी डोळे पुसले. त्यांना त्या मुलाचा अभिमान वाटला होता. मलाही वाटला, खोटं कशाला बोलू.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, की त्याला स्वतःला खेळायचं होतं. होतंच. पण मी या "स्वतःला"बद्दल थोडं जाणून आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी कबड्डीला डावा कोपरा खेळायचो. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्याच्या दोन दिवस आधी घोटा गेला. रक्तचंदनाचा लेप, वर क्रेप बँडेज, त्यावर पुन्हा जुन्या धोतराची पट्टी. सामन्याच्या सकाळी सरांनी विचारलं, "काय रे, जमेल?" एवढंच. जबरदस्ती नाही, ओरडा नाही. मागे सहा पोरं बुटांच्या नाड्या बांधत उभी होती आणि सगळ्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, "जमेल की सर." दुसऱ्या चढाईला पकड करताना तोच पाय पुन्हा वळला. आज पन्नाशी उलटली, थंडीत जिना उतरताना मी कठडा धरतो. सरांना मी कधी दोष दिला नाही आणि आजही देत नाही. पण "त्याने स्वतःच हो म्हटलं" असं कोणी म्हणालं की मला त्या सहा जणांचे चेहरे दिसतात.

तिथे सहा होते. टुआच्या मागे ब्रायंट-डेनी मैदानावर लाखभर लोक होते, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प प्रेक्षकांत. वय २१.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत डॉक्टरचा शब्द शेवटचा असतो, प्रशिक्षकाचा नव्हे. कागदावर खरं आहे. तेव्हाच्या पाच मोठ्या परिषदांतल्या (म्हणजे संघांच्या गटांतल्या) कॉलेजांना २०१६ मध्ये तसा नियमच लागू झाला. पण डॉक्टरला विचारलं जातं "खेळू शकेल का?" त्याचं प्रामाणिक उत्तर "हो" असू शकतं. "खेळवावं का?" हे कोणाला विचारायचं, त्याची खुर्चीच नाही. याचा पुरावा मला १६ नोव्हेंबरला दिसतो, आणि तिथे वैद्यक शून्य आहे. स्टार्कव्हिलला मिसिसिपी स्टेटविरुद्ध अलाबामा ३५-७ ने पुढे, पहिला अर्धा संपायला तीनेक मिनिटं. टुआ आठवडाभर नीट सराव करू शकला नव्हता. तेवढ्या शेवटच्या मिनिटांत झटपट चढाईचा सराव व्हावा म्हणून त्याला ठेवलं, त्यानंतर बसवणारच होतो, असं प्रशिक्षक निक सेबन यांनी नंतर सांगितलं. त्या चढाईत खुबा निखळला आणि खोबणीची मागची भिंत मोडली. २८ गुणांची आघाडी असताना सराव! खुब्याला घोटा कारण नसेल, डॉक्टर, पण त्या क्षणी तो मैदानात का होता याचं कारण शोधायला एक्स-रे लागत नाही.

राहिले पैसे. २३ एप्रिल २०२० ला मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं, बरोबर. पण ते फळ पाहून आधीचा जुगार शहाणपणाचा ठरत नाही. टुआचा खुबा निखळला त्या दिवशी अलाबामातल्या म्हाताऱ्यांना आठवला तो बो जॅक्सन, इथल्याच बेसेमरचा, फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही व्यावसायिक पातळीवर खेळणारा. जानेवारी १९९१ मध्ये त्याचा खुबा निखळला, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा गेला, आणि फुटबॉल तिथेच संपला. १९९३ मध्ये कृत्रिम खुब्यावर तो बेसबॉल खेळला, पहिल्याच फटक्याला होम रन मारला, पण ती गोष्ट निराळी. शिवाय २०१९ मध्ये कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही कमवायची मुभा नव्हती. स्वतःचं नाव विकून पैसे घ्यायची परवानगी आली ती जुलै २०२१ मध्ये. त्याआधीचा इतिहास तर रोकडा आहे. कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू १९५५ मध्ये डोक्याला मार लागून गेला. बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. म्हणे कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही. लाखाच्या मैदानाकडे बघत हे वाक्य मनात म्हणून पाहा.

तुमचा शेवटचा प्रश्न, "तुमचा मुलगा असता तर?" मुलगा नाही, मुलगी आहे, सोळा वर्षांची, सॉकर खेळते. तीन आठवड्यांपूर्वी तिचा घोटा मुरगळला, साधाच, खालचा. मंगळवारी शाळेतल्या ट्रेनरने कसं वाटतंय विचारलं तेव्हा त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती "मस्त" म्हणाली. मी घरी स्वयंपाकघरात उभं करून त्याच एका पायावर दहा उड्या मारायला सांगितल्या. सहाव्या उडीला तिने ओटा धरला आणि "फरशी घसरडी आहे" म्हणाली. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

आता ती आठ मारते, दात-ओठ खाऊन. या उड्यांवर कितपत विसंबायचं, आणि दहाच का, हे माझ्या बोल्टांच्या अकलेने ठरवलंय. तुमच्याकडे कबड्डीची पोरं येत असतील, त्यांना तुम्ही काय करून दाखवायला सांगता, ते जमलं तर लिहा. शनिवारी तिचा सामना आहे.