पंखा बंद, इंजिन चालू

मे महिन्यात भुसावळच्या आमच्या घरचा पंखा दोनच कारणांनी बंद असतो. एकतर लाइट गेलेली असते, नाहीतर उडदाचे पापड लाटायला घेतलेले असतात. वाऱ्याने लाट्या सुकतात म्हणून बाहेर पारा ४५ ला टेकला तरी हॉलमध्ये पाच बायका घाम पुसत लाटत बसतात. माझ्या खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाच्या सोल्डरिंगलाही, म्हणजे तारांना डाग देऊन जोडायलाही, पंखा चालत नाही, बारीक तारा हलतात. म्हटलं, एकाच पंखाबंदीत दोन्ही कामं उरकू. इथेच चुकलं.

इंजिन भाच्याने परदेशातून आणलेलं. १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं, मागे टेंडर म्हणजे कोळशाचा डबा, दिसायला अगदी वाफेचं. आत मात्र १२ व्होल्टची मोटर, आणि तिला वीज मिळते रुळांतून, चाकांमार्फत. आता आमच्याकडची धूळ तुम्हाला सांगायला नको. सकाळी रूळ स्पिरिटने पुसावेत, तर दुपारी गाडी सोफ्यापाशी थबकलेली. मग मी बोटाने ढकलायचो. "बोटाने ढकलायची गाडी जत्रेत वीस रुपयाला मिळते," हे हिचं म्हणणं. शेवटी रुळांवरची वीजच बंद करायची ठरवली. टेंडरमध्ये बॅटरी, बॉयलरमध्ये रेडिओचा रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणारा नखाएवढा कंट्रोलर, माझ्या हातात रिमोट.

आण्णांचा या सगळ्याला विरोध. त्यांची उमर रेल्वेत गेली, सुरुवात कोळशाच्या इंजिनांपासून.

"काय करून राह्यला रे?"

"इंजिन बॅटरीवर घेतोय, आण्णा."

"वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तुझ्या बॅटरीत किती?"

"सात पूर्णांक चार. ३.७ चे दोन सेल."

"मंग त्याले इंजिन कशाला म्हनतो? बॅटरीच म्हन. रात्री संडासात जायला कामी येईल."

मग त्यांनी पट्टी आणून दोन रुळांमधलं अंतर मोजलं. १६.५ मिलिमीटर. कागदावर आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं आणि जाहीर केलं, "एकोणीसच्या वर पाहिजे. ही ब्रॉडगेज नाहीच. फसवलं तुले." परदेशात बहुतेक ठिकाणी गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, १४३५ चं असतं, त्या हिशेबाने बरोबर आहे, हे मी समजावलं. माणूस फसलेलाच बरा, असा चेहरा करून ते खुर्चीत बसले.

बॉयलर उघडला. चार स्क्रू, काळे, मिऱ्याच्या दाण्याएवढे. तीन वाटीत ठेवले. चौथा स्क्रूड्रायव्हरवरून उडाला आणि टुणकन लाट्यांच्या परातीत गेला. उडदाच्या पापडात भरडलेले मिरे असतात, हे मला त्या क्षणापर्यंत कधी जाचलं नव्हतं. पाच बायकांनी लाटणी खाली ठेवली. शेजारच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बँकेत जा ना!" रविवार होता.

जागा करायला आतलं शिशाचं वजन काढावं लागलं. सोल्डरिंगच्या धुराने हिंगाचा वास मारला म्हणून बोलणी खाल्ली. बॉयलर बसवताना चौथा स्क्रू नाही. आण्णांनी बसल्या जागेवरून उडदाच्या पिठाची गोळी फेकली. "लाव. जुने वाडे याच्यावर उभे हायेत." लावली.

रिमोटचा खटका पुढे केला. चाकं जागच्या जागी गरगर. वजन काढलं तर पकड कुठून येणार? "वाळू टाक," आण्णा आता उभे राहिले होते. खरं इंजिन घसरायला लागलं की चाकाखाली वाळू सोडतात. वाळू नव्हती, त्यांनी रवा आणला. बायकांनी परात पदराखाली घेतली.

तेवढ्यात चिरंजीवांनी सवयीने रुळांचा पुरवठा सुरू केला. चाकांकडून मोटरकडे येणाऱ्या दोन तारा आधी तोडायच्या असतात. मी एकच तोडली होती, आणि तिच्या ओल्या सोल्डरचा थेंब पुन्हा तिथेच चिकटला होता. रुळांतले १२ व्होल्ट थेट कंट्रोलरमध्ये. इंजिनाच्या धुराड्यातून निळसर धूर निघाला.

"हां!" आण्णांनी टाळी वाजवली. "आता इंजिन वाटून राह्यलं."

नवा कंट्रोलर यायला आठवडा गेला. तोवर उडदाची गोळी अशी वाळली की बॉयलर उघडायला अडकित्ता लागला. या खेपेला दोन्ही तारा तोडल्या, शिशाचा अर्धा तुकडा आत कोंबला. आता गाडी सोफा, देव्हारा, स्वयंपाकघराचा उंबरा न थांबता पार करते, धूळ असो की रवा. रिमोट मात्र आण्णांकडे असतो. मागितला तर म्हणतात, ड्युटी संपू दे.

स्क्रू अजून सापडलेला नाही. पापड पाच घरी वाटले गेले. आमच्याकडे पापड तळला की प्रत्येक जण तो आधी ट्यूबलाइटसमोर धरून बघतो, मग मोडतो.