ट्रॅक्टरचा नंबर आणि जमिनीचा वापसा

2025 च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या गावात तीन नवे ट्रॅक्टर उभे राहिले. त्याचा मला मनापासून आनंद आहे, कारण पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरसाठी दारोदार फिरण्याची वेळ माझ्यावरही अनेकदा आलेली आहे. मात्र पारावर जी चर्चा होते ती हॉर्सपॉवरची, हप्त्याची आणि डिझेल किती लागते याची. ज्या जमिनीवर हे यंत्र फिरणार आहे, तिला त्या दिवशी वापसा, म्हणजे औत घालण्याजोगी बेताची ओल, आहे की नाही, हा प्रश्न कोणी विचारत नाही. गेल्या रब्बीत मीही तो विचारला नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी सर्वांना आठवत असेलच. आमचे सोयाबीन जेमतेम हाताशी आले आणि रान मोकळे झाले तेव्हा हरभऱ्याची घाई सुरू झाली होती. रोटावेटरसाठी, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजारासाठी, चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर माझा नंबर लागला तो नेमका अशा दिवशी, की वरची दोन बोटे माती सुकून पांढरट दिसत होती, पण बांधाकडेच्या पट्ट्यात पाय टाकला की टाच रुतत होती. भाऊ म्हणाला, "दादा, आज नाही म्हणालात तर पुढे आठ दिवस नंबर नाही." मी हो म्हणालो. तीन एकर दुपारपर्यंत उरकले आणि वरून पाहताना रान पिठासारखे भुसभुशीत दिसत होते. शेजारच्या आबांनी मात्र चाकाच्या चाकोरीतले एक ढेकूळ उचलून माझ्या हातात दिले. त्याची एक बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती आणि उन्हात चकाकत होती. ते काही बोलले नाहीत, आणि मलाही त्या दिवशी त्याचा अर्थ लागला नाही.

डिसेंबरात त्या रानातला हरभरा पट्ट्यापट्ट्याने पिवळा पडला. दुकानदाराने मर रोग सांगून औषध दिले, ते मी आळवणी करून घातले, फरक पडला नाही. शेवटी कुदळ घेऊन एका पिवळ्या झाडाशेजारी गुडघाभर खड्डा घेतला. वरची पाच-सहा इंच माती हाताने उकरली जात होती, त्याखाली कुदळ टणकन वाजली. हरभऱ्याचे सोटमूळ, जे चांगल्या काळ्या रानात कमरेइतके खोल जाऊ शकते, ते त्या थराला टेकून काटकोनात वळले होते आणि पुढे आडवेच वाढले होते. दोन ओळी सोडून, जिथे चाक गेले नव्हते, तिथे घेतलेल्या दुसऱ्या खड्ड्यात मूळ सरळ खाली उतरलेले होते. रोग नव्हता. झाडाच्या पायाखाली मी स्वतःच फरशी घातली होती.

हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. ती ओली असताना तिच्यावर वजन आले की कणांमधली हवेची जागा दाबली जाते आणि माती लोण्यासारखी थापली जाते. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण वीस क्विंटलचा, त्यामागे चार-साडेचार क्विंटलचा रोटावेटर आणि पकड मिळावी म्हणून बऱ्याच जणांनी मागच्या चाकांत भरलेले पाणी, एवढा भार त्या मातीवर येतो. बैलाचा खूरही जमीन दाबतोच, पण जोडीचे एकूण वजन कमी असल्याने तो दाब वरच्या थरातच संपतो. यंत्राचा भार जितका जास्त, तितका दाब खोल उतरतो आणि तिथपर्यंत आपले पुढचे औत पोहोचतच नाही. त्यातच रोटावेटरची पाती दरवेळी त्याच पाच-सहा इंच खोलीवर फिरतात आणि ओल्या मातीला खालून घासून लिंपतात. वरचा भुगा पाहून आपले समाधान होते, पण पाणी आणि मूळ त्या लिंपलेल्या थरावर अडते. पाऊस पडल्यावर ज्या रानात पूर्वी पाणी तासाभरात मुरायचे, तिथे आता दुसऱ्या दिवशीही सरीत उभे दिसत असेल, तर एकदा खड्डा घेऊन पाहा.

माझा राग ट्रॅक्टरवर नाही आणि भावावर तर मुळीच नाही. त्याला सहामाही हप्ता आहे, डिझेल रोखीने भरावे लागते, चालकाचा रोज द्यावा लागतो, आणि वर्षभराची कमाई त्याला हंगामाच्या मोजक्या दिवसांत करायची असते. तो एकरावर पैसे घेतो, त्यामुळे थांबणे त्याला परवडत नाही. आपल्यालाही नंबर हुकण्याची भीती असते. जमिनीचा वापसा प्रत्येक रानात वेगळ्या दिवशी येतो, उताराच्या मुरमाड रानात लवकर आणि खोलगट काळ्या रानात चार-सहा दिवस उशिरा, पण ट्रॅक्टर मात्र वस्तीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने येतो. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. बैलाच्या काळात औत आपल्या दावणीला होते, म्हणून वाट पाहता येत होती. भाड्याच्या यंत्राने आपला वेळ वाचवला, पण वाट पाहण्याचा हक्क आपल्या हातातून गेला.

म्हणून बैलांकडे परत चला, असे मी म्हणणार नाही. चांगली जोडी लाखाच्या पुढे गेली आहे, वैरण आणि गडी दोन्ही मिळत नाहीत, आणि ज्याच्याकडे दीड हेक्टरसुद्धा रान नाही त्याने त्या दोन जिवांना वर्षभर कशावर पोसावे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गेल्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता आणि तो नांगर विकताना त्यांना फार कष्ट पडले. तो समज चुकीचा होता. यंत्राला नाव ठेवताना हे मी नेहमी आठवतो. पण त्या नांगराला वजनाचा प्रश्न नव्हता, आजच्या यंत्राला आहे, एवढा फरक लक्षात ठेवायला हवा.

वापसा पाहायला यंत्र लागत नाही. वरची माती नव्हे, तर औत जितके खोल जाणार तिथली मूठभर माती घ्यावी, दाबून गोळा करावा आणि छातीच्या उंचीवरून खाली टाकावा. फुटून विखुरला तर औत घालावे, नुसता चपटा होऊन पडला तर ट्रॅक्टर बांधावरच थांबवावा. चाकातल्या हवेकडेही कोणी पाहत नाही. ट्रॉली ओढताना भरलेली जास्त हवा तशीच ठेवून ट्रॅक्टर रानात उतरतो, वास्तविक शेतकामासाठी मागच्या चाकात ती बरीच कमी, साधारण 12 पीएसआय, पुरते आणि त्यामुळे चाक पसरून भार विभागला जातो. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. शिवाय मातीवरचा बहुतेक दाब चाकाच्या पहिल्याच फेरीत बसतो, त्यामुळे दरवेळी नव्या जागेवरून जाण्याऐवजी ठरलेल्याच चाकोरीतून जाणे शहाणपणाचे. बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडणाऱ्या पेरणी यंत्राने, सोयाबीन पेरणाऱ्यांना हे आपोआप साधते, कारण चाक सरीतच राहते. कोकणात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्रात चिखलणीच बंद करून कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेऊन दाखवला आहे. तणनाशकाच्या वापराबद्दल माझे त्या पद्धतीशी पूर्ण जुळत नाही, परंतु मशागत जितकी कमी तितकी जमीन बरी, हे त्यांचे म्हणणे मला त्या खड्ड्यानंतर पटले आहे.

झालेले नुकसान भरून काढण्यासाठी सबसॉयलर, म्हणजे खालचा कठीण थर फोडणारे खोल जाणारे औत, चालवण्याचा सल्ला मिळतो आणि तो योग्यही आहे, मात्र जमीन खोलवर कोरडी असेल तरच तो थर तडकवतो. ओलीत चालवला तर सुरीने लोणी कापल्यासारखी एक फट पडते आणि पुढच्या पावसात ती मिटते. त्यामुळे मी त्या तीन एकरांना हरभऱ्यानंतर पाणी दिले नाही. उन्हाळ्यात रान तापले, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, त्या भेगांनीच अर्धे काम केले, आणि मे महिन्यात आठवड्याच्या अंतराने फक्त चाकोरीच्या पट्ट्यात सबसॉयलर दोनदा फिरवला.

भावाशीही बोलणे झाले. त्याच्याकडे नोंदणी करताना आता मी तारीख सांगत नाही. वरच्या मुरमाड दोन एकरांचे काम त्याने त्याच्या ओळीत करावे आणि खालच्या काळ्या रानाला मी बोलावीन तेव्हा वेगळी फेरी मारावी, त्यासाठी एकरी दोनशे रुपये जास्त द्यावेत, असे ठरले आहे. आणखी चार शेजाऱ्यांची खोलगट रानेही त्याच फेरीत बसतात, त्यामुळे त्याचे येणे-जाणे फुकट जात नाही. मृगाचा पाऊस झाला की रोज सकाळी गोळा करून पाहायचे काम आबांनी आपण होऊन अंगावर घेतले आहे.