‘इपॉक ३’ म्हणजे जुनं मॉडेल नव्हे

रेल्वे मॉडेलच्या खोक्यावर ‘इपॉक ३’ (म्हणजे तिसरा काळ) छापलेलं असेल तर ते मॉडेल १९५०-६०च्या दशकात बनलेलं, म्हणून दुर्मीळ, असा दावा सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. हा आकडा मॉडेलच्या वयाचा नसून खऱ्या गाडीच्या काळाचा असतो. युरोपीय मानक एनईएम ८०० नुसार तिसरा काळ ढोबळमानाने दुसऱ्या महायुद्धानंतरपासून १९७०पर्यंतचा. त्या काळच्या रंगातलं मॉडेल इंजिन गेल्या वर्षीही बनलेलं असू शकतं. आत डिजिटल डिकोडरसाठी (मॉडेलला डिजिटल आज्ञांवर चालवणाऱ्या चिपसाठी) आठ पिनांचं, म्हणजे अलीकडच्या काळातलं, सॉकेट दिसलं, तर ‘साठ वर्षांपूर्वीचं’ ही बात सोडून द्या.

खरी पारख रंग आणि क्रमांक जुळतात का यात आहे. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेचं व्ही २०० हे डिझेल इंजिन नव्या क्रमांकपद्धतीत १९६८पासून २२० झालं. निळा-बेज रंग आला १९७४मध्ये. म्हणजे निळ्या-बेज इंजिनावर ‘व्ही २००’ असा जुना क्रमांक दिसला तर कारखान्याची चूक, नाहीतर कुणीतरी घरी रंगवलेलं. उलट लाल रंगावर २२० चालतं, कारण क्रमांक बदलले तरी सगळी इंजिनं लगेच रंगवली गेली नव्हती. विक्रेते नेमका हाच जोड ‘चुकीचा छापलाय, म्हणून दुर्मीळ’ म्हणून खपवतात!